वीस-पंचवीस किलो कमी करायचेत? मग हे वारंवार विचारले जाणारे प्रश्न आधी वाचा

सकाळी टेकडीवर येणारे नवीन लोक साधारण हेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, डाएटिशियन नाही. स्वतःचं बरंच वजन उतरवलंय आणि बरोबरच्या बऱ्याच जणांचं उतरताना (आणि परत चढताना) बघितलंय, त्यावरून आणि वाचनावरून हे लिहिलंय.

२४ किलो कमी करायचं ठरवलंय. सगळे म्हणतात एवढं मोठं टार्गेट ठेवू नको, आधी पाच किलो कर. खरंय का?

मला नाही पटत. मोठं टार्गेट ठेवा की, फक्त त्याला तारीख चिकटवू नका. "दिवाळीपर्यंत २४ किलो" यात घोटाळा २४ चा नसतो, दिवाळीचा असतो.

एक हिशोब करून बघू म्हणजे कळेल. समजा एक ताई आहेत, वय ३८, उंची १५७ सेंमी, वजन ८४. मिफ्लिन-सेंट जिओर म्हणून एक सूत्र आहे, बायकांसाठी ते असं: वजन गुणिले १०, अधिक उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, वजा १६१. या ताईंचं उत्तर येतं १४७० च्या आसपास, म्हणजे दिवसभर नुसतं पडून राहिल्या तरी शरीर एवढ्या कॅलरी खर्च करणार. घरकाम, ऑफिस, थोडं चालणं धरून १.३ ने गुणा, झाले साधारण १९००. त्यातून रोज ५०० कमी खाल्ले तर १४०० मध्ये दिवस काढायचा, आणि एक किलो चरबीत ७७०० कॅलरी धरतात, म्हणजे कागदावर आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा थोडं कमीच. २४ किलोला ५० आठवड्यांच्या वर गेलं ना? आणि हे कागदावर हं, प्रत्यक्षात लग्नं, पाहुणे, ताप, परीक्षा, मार्चएन्ड सगळं मध्ये येणार. दीड वर्ष धरा. दीड वर्ष ऐकून तोंड कसनुसं होत असेल तर तेही आत्ताच झालेलं बरं, तिसऱ्या महिन्यात होण्यापेक्षा.

पण मधले टप्पे ठेवा. पहिला टप्पा सुरुवातीच्या वजनाच्या पाच टक्के, म्हणजे या ताईंसाठी चार किलो. एवढ्यानंसुद्धा शुगर, बीपी, ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी) यात फरक पडायला लागतो, आणि जिना चढताना तर स्वतःलाच कळतो.

माझं योग्य वजन किती हे कसं काढायचं?

उंचीतून १०० वजा करा हे जुनं गणित अंदाजापुरतं ठीक आहे. बीएमआय काढायचा तर किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. आपल्याकडे २३ च्या वर गेलं की जास्त आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, गोऱ्या लोकांचे आकडे २५ आणि ३० आहेत ते आपल्याला लावू नका. आपली लोकं हातापायांनी बारीक आणि पोटानं मोठी असतात, तेवढ्या चरबीत आपल्याला डायबिटीस लवकर गाठतो. म्हणून काट्याबरोबर शिंप्याची टेप पण घ्या. पुरुषांची कंबर ९० सेंमीच्या आत, बायकांची ८० च्या आत. टेप बेंबीच्या जरा वर, श्वास सोडून, पोट आत न ओढता (हे शेवटचं कोणीच पाळत नाही).

आणि बीएमआय आधीच २१-२२ असेल आणि तरी दहा किलो कमी करायचे असतील तर हे पान तुमच्यासाठी नाही.

तीन महिन्यांनी बहिणीचं लग्न आहे, तोपर्यंत १५ किलो होतील का?

नाही. पाच-सहा होतील नीट केलं तर, आणि ब्लाऊज मापाचा शिवून घ्या, "तोपर्यंत बारीक होईन" म्हणून एक साईज लहान शिवू नका.

पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो झटकन जातात, त्यानं फसू नका. शरीरात साठवलेली साखर संपते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनएक ग्रॅम पाणी धरलेलं असतं ते बाहेर पडतं. "सात दिवसात चार किलो" वाल्या जाहिराती या पाण्यावरच चालतात. जेवायला लागलात की पाणी परत.

सुरू करायच्या आधी डॉक्टरकडे जायलाच पाहिजे का?

डायबिटीसची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर हो, जायलाच पाहिजे, कारण खाणं कमी केलं आणि डोस तोच ठेवला तर शुगर खाली जाऊन चक्कर येऊन पडायची वेळ येते. बीपीच्या गोळीचंही तसंच. हार्टचा त्रास, किडनी, प्रेग्नन्सी, अंगावर पाजणारी आई, १८ च्या आतली मुलं, खाण्यावरून आधी कधी मानसिक त्रास झालेला असेल तर, या सगळ्यांनी स्वतःच्या मनानं काही सुरू करू नये. बाकीच्यांनी निदान शुगर, थायरॉईड, हिमोग्लोबिन, व्हिटॅमिन बी-१२ आणि डी एकदा बघून घ्यावं. आणि बायकांनी दिवसाला १२०० कॅलरीच्या खाली, पुरुषांनी १५०० च्या खाली डॉक्टरशिवाय जायचं नाही, कितीही घाई असली तरी.

पोळी-भात बंद करू का? ज्वारीची भाकरी खाल्ली तर चालेल ना?

बंद कशाला? भाकरी चांगलीच आहे पण ती भाकरी आहे म्हणून फुकट नाहीये. १०० ग्रॅम पीठ ज्वारीचं असो, बाजरीचं असो की गव्हाचं, साधारण साडेतीनशे कॅलरीच्या आसपासच असतं. आमच्या सासूबाईंच्या हातची एक भाकरी म्हणजे ७०-८० ग्रॅम पीठ, फुलके त्याच पिठात अडीच-तीन होतील. भाकरीचा फायदा असा की तेल लागत नाही, चावावी लागते आणि दीड भाकरीत पोट भरतं. पोळी घडीची, आत तेल वर तेल, मऊसूत, भाजीबरोबर चार कधी गेल्या कळत नाही.

मी तर म्हणेन, पहिला महिना काहीच बंद करू नका, फक्त ताट वाढायची पद्धत बदला. आपण आधी पोळी घेतो आणि तिला पुरेल एवढी भाजी घेतो. ते उलट करा. आधी कोशिंबीर, मग पालेभाजी किंवा फळभाजी दोन वाट्या, मग आमटी-उसळ घट्ट, मग उरलेल्या जागेत पोळी किंवा भात, दोन्ही एकावेळी नको. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २००० कॅलरीचं ताट दिलंय त्यात दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आहेत, आपल्यातल्या निम्म्या लोकांच्या घरात चौघांना मिळून एवढी भाजी होते.

तेल किती?

इथे खरी गंमत आहे, आणि इथेच कोणी बघत नाही. एक टेबलस्पून तेल म्हणजे १२० कॅलरी. फोडणीची पळी बघा तुमच्या घरातली, ती टेबलस्पूनपेक्षा मोठी आहे की नाही? भाजीला एक, आमटीला अर्धी, वर लसणीची फोडणी, पोळ्यांना लागलं ते वेगळंच.

वर सांगितलेल्या त्याच ताटात तेल-तूप दिवसाला २७ ग्रॅम आहे. चार माणसं, तीस दिवस, म्हणजे सव्वातीन किलो, लिटरमध्ये साडेतीन. आता तुमच्या किराणाच्या यादीत तेल किती असतं ते बघा. पाच लिटरचा डबा आणि वर दोन पिशव्या असतील (आणि तूप वेगळं) तर जिम लावायच्या आधी तिथे हात घालता येईल. महिन्याचं तेल एकाच बरणीत काढून ठेवायचं, ते पुरवायचं, संपलं तर शेवटचे दिवस उकडून-वाफवून. स्वयंपाक करणाऱ्या मावशींना मापाचा चमचा द्या आणि का देताय तेही सांगा, नाहीतर त्यांना वाटतं ताई कंजूष झाल्या. पहिले चार दिवस घरात भाजीवरून कुरकुर होते, मग जिभेला सवय होते.

एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार असे माझे उपास असतात, त्यानं वजन कमी व्हायला पाहिजे ना?

एकादशी दुप्पट खाशी हे उगाच म्हटलेलं नाही. एक प्लेट साबुदाणा खिचडी धरा, ७५ ग्रॅम साबुदाणा, मूठभर दाण्याचं कूट, चमचाभर तूप, एक बटाटा. साडेपाचशे कॅलरीच्या पुढे गेली, आणि साबुदाण्यात स्टार्च सोडून जवळपास काहीच नाही, दोन तासात परत भूक. तेवढ्याच भुकेला एक भाकरी-पिठलं खाल्लं असतं तर पाचशेच्या आत बसलं असतं वर बेसनाचं प्रोटीन मिळालं असतं. उपास करायचाच असेल तर ताक, उकडलेलं रताळं, काकडीची कोशिंबीर, फळ, मूठभर दाणे एवढ्यावर करा. वेफर्सचं पाकीट उपासाला चालतं म्हणून वजनाला चालतं असं नाही.

दीक्षित डाएट चांगलं की दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं?

यावरून घराघरात दोन पार्ट्या पडल्यात. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं म्हणणं, जे मूळ डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर आहे, असं की दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत, मध्ये काही नाही, आणि रोज ४५ मिनिटं चालायचं. यामागची कल्पना इन्शुलिन कमी वेळा वाढावं अशी आहे. दुसरी पार्टी म्हणते उपाशी राहिलं की माणूस संध्याकाळी तुटून पडतो.

मी दोन्ही प्रकारांनी बारीक झालेले लोक पाहिलेत आणि दोन्ही प्रकारांनी न झालेलेही. दोन वेळा खाणाऱ्याचा संध्याकाळचा चहा-खारी-फरसाण बंद होतो, निम्मं काम तिथेच होतं. पण त्या ५५ मिनिटांत गुलाबजाम आणि बासुंदी पण बसवणारे महाभाग आहेत. ज्याला दुपारी चारला भूक आवरत नाही, चिडचिड होते, ॲसिडिटी होते त्यानं हट्टानं दोन वेळा करू नये. शुगरच्या गोळ्यावाल्यांनी विचारल्याशिवाय अजिबात नाही. शेवटी जे तुम्ही पुढच्या वर्षीही करत असाल ते चांगलं.

आम्ही शुद्ध शाकाहारी, प्रोटीन कुठून आणायचं?

टार्गेट वजनाच्या किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅम धरा, ६० किलोला ६० ते ७५ ग्रॅम. पातळ वरणाच्या वाटीत चार-पाच ग्रॅमच निघतं, म्हणून वरण घट्ट करा. मोड आलेल्या मटकीची उसळ वाटीभर सात-आठ, घरच्या दह्याची वाटी पाच, १०० ग्रॅम पनीर १८ ते २०, सोयाबीनच्या वड्या ३० ग्रॅम सुक्या घेतल्या तर १५. अंडं चालत असेल तर एकात ६. दाणे मूठभर सात ग्रॅम देतात पण १७० कॅलरी पण देतात, तेव्हा दाण्याचं कूट प्रत्येक भाजीत घालायची आपली जी सवय आहे ती जरा आवरती घ्या.

नुसतं चालून होईल का?

खाणं तेच ठेवून नुसतं चालून फार कमी लोकांचं होतं. पाऊण तास झपझप चाललात तर दोनशेच्या आसपास कॅलरी जातात, एका वडापावात तीनशे येतात. सिंहगडावर रविवारी बघा, पायथ्याच्या आतकरवाडीतून घामाघूम होऊन वर येतात आणि मग पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही, वर ताक. चढून आलेल्याचं खाली उतरायच्या आत परत भरून निघतं. खा हो, गडावर गेल्यावर भजी नाही खाल्ली तर काय मजा, पण मग त्या दिवसाला व्यायाम म्हणून हिशोबात धरू नका.

चालायचं ते दुसऱ्या कारणांसाठी. कमी झालेलं वजन टिकवायला, शुगरला, झोपेला, डोकं शांत ठेवायला. आठवड्याला निदान १५० मिनिटं, वजन उतरवायचंय तर ३०० पर्यंत. दहा हजार पावलांचं फार मनावर घेऊ नका, तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमधल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय, कुठल्या वैद्यकीय अभ्यासातून काढलेला नाही. आज चार हजार होत असतील तर पुढच्या महिन्यात सहा करा.

वजन ९०-१०० च्या घरात असेल, गुडघे कुरकुरत असतील तर धावणं, दोरीच्या उड्या आत्ता नको. पुण्यातल्या पर्वतीच्या १०३ पायऱ्या पहिल्याच दिवशी पाच वेळा चढून दुसऱ्या दिवसापासून गायब झालेले आरंभशूर आम्ही खूप बघितले. चढताना एवढं नाही, उतरताना गुडघ्यावर भार येतो. सपाटीवर चाला, पोहणं जमत असेल तर उत्तमच.

वजनं उचलली तर बायकांचं शरीर पुरुषी होतं म्हणतात?

नाही होत. तेवढे हार्मोन्सच नसतात. उलट खाणं कमी केलं आणि स्नायूंना काम दिलं नाही तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, मग वजन कमी दिसतं पण माणूस ओढल्यासारखा दिसतो. आठवड्यातून दोनदा पुरे. जिम नसेल तर खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून पुशअप, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या.

सकाळी गरम पाणी-लिंबू-मध, जिऱ्याचं पाणी, मेथीचं पाणी?

प्या. चरबी वितळत नाही. मधाचा चमचा ६० कॅलरीचा असतो तेवढं लक्षात ठेवा.

ती वजन कमी करायची नवीन इंजेक्शनं घेऊ का, सगळं सोपं होईल?

मौंजारो भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, वेगोवी जूनमध्ये. काम करतात, भूक खरंच कमी होते, आणि ज्याला लठ्ठपणामुळे आजार आहेत त्याच्यासाठी लाज वाटायचं काही कारण नाही. पण डॉक्टरच्या चिठ्ठीनं, ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून नाही. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता होते बऱ्याच जणांना. आणि वेगोवीतलं जे औषध आहे त्याच्या एका मोठ्या चाचणीत बंद केल्यावर वर्षभरात गेलेल्यातलं जवळपास दोन तृतीयांश वजन परत आलं होतं, तेव्हा ताटाचं आणि चालण्याचं वरचं सगळं इंजेक्शन घेऊनही करावंच लागतं.

मला थायरॉईड आहे, माझं होणारच नाही ना?

होईल. थायरॉईड कमी असल्यानं वाढलेलं वजन सहसा दोन-चार किलोच असतं आणि त्यातलं बरंचसं पाणी. गोळी नियमित, रिकाम्या पोटी, चहाच्या आधी, आणि रिपोर्ट नॉर्मलला आला की मग बाकीच्यांसारखंच.

दोन महिने छान उतरलं, आता तीन आठवडे काटा हलतच नाहीये!!

सगळ्यांचं होतं. आधी हे बघा की खरंच अडकलंय का. काट्यावर रोज सकाळी एकाच वेळी, पोट साफ झाल्यावर उभं राहायचं आणि आठवड्याची सरासरी काढायची, आजचं विरुद्ध कालचं नाही. पाळीच्या आधी एक-दोन किलो पाणी धरतं, लोणचं-पापड-मिसळ झालं तरी धरतं. कंबर कमी होत असेल तर काट्याला बोलू द्या काय बोलायचं ते.

खरंच अडकलं असेल तर वरच्या ताईंकडे परत या. ८४ किलोला त्यांना १९०० लागत होते, ६० ला पोचल्या की त्याच सूत्रानं साधारण १६००. म्हणजे जसजसं वजन उतरतं तसतसा खर्च कमी होतो, पहिल्या महिन्यात जेवढं खाऊन उतरत होतं तेवढंच खाऊन एका ठिकाणी येऊन थांबणार, यात तुमचं शरीर बिघडलंय असं काही नाही. शिवाय नकळत हात सैल झालेला असतो. मुलांच्या ताटातलं उरलेलं, भाजी चाखताना चमचाभर, चिवड्याच्या डब्यात येता जाता हात. एक आठवडा सगळं लिहून काढा, वहीत, तोंडात गेल्या गेल्या, रात्री आठवून नाही.

केस खूप गळायला लागलेत

फार भरभर वजन उतरवलं की दोन-तीन महिन्यांनी गळतात, बहुतेकांचे परत येतात. प्रोटीन आणि लोह बघा, आणि वेग कमी करा. उपाशी राहून भराभरा उतरवणाऱ्यांना पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही असतो, जेवणानंतर उजव्या बाजूला वर दुखलं तर ॲसिडिटी म्हणून सोडून देऊ नका.

सणवार, आग्रह, लग्नं याचं काय करायचं? "एक मोदक खाल्ल्यानं काय होतंय" म्हणतात

एकानं काहीच होत नाही, खा. उकडीचा खा, तूप घालून खा, बसून खा. होतं ते विसर्जनानंतरही डब्यात राहिलेल्या पेढ्या-बर्फीनं आणि दिवाळीचा फराळ डिसेंबरपर्यंत पुरवल्यानं. फराळ करा पण अर्ध्या किलोच्या मापात, आणि आलेला पुढे वाटून टाका. पंगतीत आग्रह करणाऱ्याला "डाएट आहे" म्हणालात तर दोन जास्त वाढेल, "छान झालंय, शेवटी घेते" म्हणा, शेवटपर्यंत तो पुढच्या पंगतीला गेलेला असतो.

घरचे म्हणतात किती खराब झालीस, आजारी दिसतेस. काय सांगू?

रिपोर्ट दाखवा. आजी-काकूंना बारीक होणं म्हणजे वाळणं वाटतं, त्यात प्रेम असतं, वाद घालू नका. पण खरंच थकवा, चक्कर, पाळी चुकणं असं काही असेल तर त्या बरोबर आहेत, खाणं वाढवा.

टार्गेट गाठलं, आता परत नॉर्मल खाऊ शकते ना?

नॉर्मल म्हणजे आधीचं असेल तर नाही, त्यानंच तर ८४ झाले होते. रोज शंभर-दीडशे कॅलरीनं हळूहळू वाढवत जायचं, दोन-तीन आठवडे एका जागी थांबून काटा बघायचा, जिथे वजन स्थिर राहतं तो तुमचा नवीन खुराक. चालणं आणि वजनं उचलणं सोडायचं नाही. आणि एक रेषा आखून ठेवा, गाठलेल्या वजनाच्या वर दोन किलो. सरासरी त्या रेषेच्या वर गेली की वही आणि मापाचा चमचा परत बाहेर, पाच किलो वाढायची वाट बघायची नाही. दोन किलो महिन्यात उतरतात, पाचाला तीन-चार महिने जातात.